क्वाबेना मेन्सा, लेफ्ट विंग

क्वाबेना, परवा तुझी शोकसभा झाली आणि मला अक्षरशः ओकारी आली.

कॉलनीचा हॉल गच्च भरला होता. खुर्च्या कमी पडल्या म्हणून शाळेतली बाकं उचलून आणली, तरी लोक खिडक्यांशी उभे. स्टेजवर तुझा फोटो. कोणता, ते तुला सांगायला नको. तोच, गडचांदूरच्या मैदानावरचा, उघड्या छातीवर पिवळे पट्टे रंगवलेला. त्याला झेंडूचा हार घातला होता आणि मागच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘आफ्रिकेच्या वाघाला भावपूर्ण श्रद्धांजली’. तुझं नाव त्या अख्ख्या हॉलमध्ये कुठंही नव्हतं.

आमच्या क्रीडा मंडळाचे सेक्रेटरी वीस मिनिटं बोलले. म्हणाले, वाघ गेला, जंगल पोरकं झालं. यावर टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! मग एकानं उठून सांगितलं की संध्याकाळी मैदानावर अंधार पडला की तुझे फक्त दात दिसायचे. लोक खो खो हसले आणि त्यानंच लगेच रुमालानं डोळे टिपले. ज्या साहेबानं क्लबच्या जेवणाला तुला आत न बसवता व्हरांड्यात वेगळं ताट वाढायला लावलं होतं, त्यानंही गळा काढला. मी मागच्या भिंतीला टेकून हे सगळं ऐकत होतो.

शेवटी गाडी माझ्यावर आली. अंत्ययात्रेला फक्त सात माणसं होती, ही कॉलनीला लाज आणणारी गोष्ट आहे, ज्यांच्याकडे अनाउन्समेंटचं काम होतं त्यांनी ते नीट केलं असतं तर हजार माणूस आलं असतं, असं सेक्रेटरी म्हणाले. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. त्यांना उत्तर द्यायला मी बांधलेला नाही. तुला मात्र आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

कोळसा खाणीच्या टाइम ऑफिसात हजेरी मांडणारा कारकून म्हणून मला कोणी ओळखत नाही. ओळखतात ते भोंगेवाला म्हणून. सायकलरिक्षावर दोन भोंगे बांधायचे, खाली बॅटरी ठेवायची, आणि मी मागं बसून माइकवर बोलत कॉलनी, बाजार, आजूबाजूची गावं पिंजून काढायची. चौदा एप्रिलची मिरवणूक असो, नळाला पाणी येणार नसो, कोणाचं पोर हरवलेलं असो की कोणी वारलेलं असो, माजरीच्या या भागात भोंग्यावर आलं की ते खरं. मला या गोष्टीचा माज होता. आवाज चांगला होता, लोक दारात येऊन ऐकायचे, बाया नळावरचं भांडण थांबवायच्या.

तू आलास ते भारतानं क्रिकेटचा वर्ल्ड कप जिंकला त्या वर्षी. पोरं लाकडाच्या फळ्या घेऊन गल्लीबोळात बॅटिंग करत होती आणि खाणीतला एक बंगाली ओव्हरमन, म्हणजे शिफ्टवरचा सुपरवायझर, तुला कलकत्त्याहून घेऊन आला, एका टुर्नामेंटपुरता. उजव्या गुडघ्यावर बोटभर लांब टाक्यांची खूण. तिथल्या क्लबानं दोन सीझन खेळवून तुला सोडून दिलं होतं. एका टुर्नामेंटपुरता आलेला माणूस सहा वर्षं राहिला. परत का जात नाहीस, असं मी एकदा विचारलं तेव्हा तू गुडघा दाखवलास आणि म्हणालास की आईनं दोन पाय पाठवले होते.

पहिल्याच मॅचला सेक्रेटरीनं माझ्या हातात चिठ्ठी दिली. ‘आफ्रिकेचा काळा वाघ! संपूर्ण आफ्रिका खंडाचा विजेता! प्रत्यक्ष पाहा!’ मी ती वाचली. नुसती वाचली नाही, रंगवली. वाघ म्हणताना घशातून असा काही आवाज काढला की म्हातारीकोतारी खिदळली. पोरं रिक्षामागं धावली. वरोऱ्याहून लोक ट्रकनं आले. मॅच आपण जिंकलो, डाव्या पायानं तू असे दोन गोल मारलेस की रेफ्रीसुद्धा शिट्टी वाजवायची विसरला. लोकांनी तुला खांद्यावर घेतलं. काहींनी हळूच तुझे केस चाचपून पाहिले आणि हात पँटला पुसले. ते मी पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

त्या संध्याकाळी तू माझ्या क्वार्टरवर आलास. हिंदीतच बोललास, तेव्हा तुला आमची भाषा येत नव्हती. तू सांगितलंस की तू कुठल्याही खंडाचा विजेता नाहीस. घानात, अक्राला चार वर्षं खेळलास, मग शेजारच्या देशात आबिजानला दोन, देशाच्या संघात एकदा निवड झाली पण बाकावरच बसून राहिलास, मैदानात उतरायला मिळालं नाही. जागा लेफ्ट विंग. नाव क्वाबेना मेन्सा. क्वाबेना म्हणजे मंगळवारी जन्मलेला. हे सांग, म्हणालास. मी हसलो. बाकावर बसलेल्याला बघायला कोण येणार, असं माझ्या मनात आलं. तोंडानं म्हणालो, पुढच्या वेळी नक्की.

पुढची वेळ सहा वर्षं आली नाही.

आपला वाद तोच होता, आणि तो कधीच संपला नाही. मी म्हणायचो, लोकांना नाव कळत नाही, वाघ कळतो. हा वाघांचाच मुलूख आहे, ते प्रेमानंच म्हणतात. तू म्हणायचास, तू सांगितल्याशिवाय कळणार कसं? मी विषय बदलायचो, चहा मागवायचो. तू चहा प्यायचास आणि पुन्हा विचारायचास. चिडून नाही. आपली एखादी वस्तू दुसऱ्याच्या घरी राहिली असेल तर माणूस जसा दर वेळी आठवण करून देतो, तसा.

आणि मग गडचांदूर. तिथला तो अख्खा दिवस मला उलटी करून टाकावासा वाटतो. मोहर्रमला नवस फेडणाऱ्यांची अंगं वाघासारखी रंगवणारा एक पेंटर आयोजकांनी धरून आणला होता. ट्रॅक्टरवरून मिरवणूक काढायची, तुला त्याच्यावर उभा करायचा, पट्टे रंगवून. सिमेंटच्या धुळीनं पांढऱ्या पडलेल्या त्या मैदानाच्या कडेला, शाळेच्या पंपाजवळ तू उघडा उभा होतास आणि पेंटर डबा ढवळत होता. आपले सेक्रेटरी म्हणाले, अरे, गंमत आहे, पोरांना आवडेल. तू त्यांच्याकडे पाहिलं नाहीस. माझ्याकडे पाहिलंस. तोवर तुला आमची बोली चांगलीच यायला लागली होती, कुसुमबाईच्या खानावळीत शिकलेली.

“भाऊ, मी रंग लावून घेतो,” तू म्हणालास. “तू माह्यं नाव घे. मॅचच्या आधी. एकदाच घे.”

मी तुझ्या हातावर हात ठेवून कबूल केलं. पेंटरनं तुला रंगवलं. तू ट्रॅक्टरवर उभा राहिलास, ताठ, समोर बघत, आणि गावानं शिट्ट्या मारल्या. कोणी केळी फेकली. मग मैदानात दोन्ही संघ उभे राहिले, माइक माझ्या हातात आला. तू रांगेत सर्वांत डाव्या टोकाला होतास आणि माझ्याकडे पाहत होतास. सेक्रेटरीनं स्टेजवरून बोटानं इशारा केला, चल, आवर. मी तोंड उघडलं आणि त्यातून आलं, “आफ्रिकेचा... वाघ!”

लोक वेडे झाले. तू मान खाली घातलीस आणि बुटाची नाडी बांधायला वाकलास. नाडी सुटलेली नव्हती. मग नव्वद मिनिटं खेळलास. घामानं रंग ओघळून चड्डीपर्यंत आला, आपल्याच पोरांच्या हाताला लागला, बॉलला लागला. तुझा तो फोटो तेव्हाचा.

तो फोटो पेपरात आला तेव्हा माझ्या बाबांनी पाहिला. आमचे बाबा खाणीतून रिटायर झालेले पंप ऑपरेटर, छप्पन्न साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेले. सगळ्या मुलांची नावं शाळेत पूर्ण लिहिली जावीत म्हणून मास्तरांसमोर उभं राहून लिहून घेणारे. त्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला.

“तुह्या आज्याचं नाव गावात कोणाले ठाऊक नव्हतं,” ते म्हणाले. “जातीनंच हाक मारत. अन् तू माइक हाती घेऊन तेच करून राह्यला.”

मी म्हणालो, बाबा, हे कौतुकानं म्हणतात. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून बाहेर गेलो. ही गोष्ट मी तुला कधीच सांगितली नाही. सांगितली असती तर तू त्यांच्या पाया पडायला गेला असतास आणि मला ते बघवलं नसतं.

चार महिने तू माझ्याशी बोलला नाहीस. मग मंगरूनं आपल्याला एकत्र आणलं. आपला गोलकीपर, एटापल्लीच्या पुढच्या जंगलातला माडिया पोरगा. पहिल्यांदा खाणीवर आला तेव्हा बॉल पाहून बाजूला सरकायचा. तू त्याला रोज तासभर, कोळशाच्या काळ्या ढिगाशेजारी उभा करून शिकवलंस. बॉलला घाबरायचं नाही, तो तुझ्याकडेच यायला निघालाय, असं सांगायचास. तो सणाला आपल्या गावी निघाला आणि दोघांनाही ओढून घेऊन गेला. एसटी, मग जीप, मग अर्धा दिवस पायी.

त्याच्या आईनं तुला आपादमस्तक न्याहाळलं. केसांना हात लावला नाही. गोंडीत मंगरूला काहीतरी विचारलं. तुझं नाव काय आणि त्याचा अर्थ काय, एवढंच तिला हवं होतं. मंगळवारी जन्मलेला, असं त्यानं सांगितल्यावर ती हसायलाच लागली. तिचा मुलगाही मंगळवारचाच, म्हणून तर तो मंगरू. मग तुम्ही एकाच नावाचे, असं तिनं ठरवून टाकलं आणि जेवायला तुला त्याच्या शेजारी बसवलं. तिथली ताडी प्यायल्यावर तू डोळे मिटून घेतलेस. मंगरूला म्हणालास, आमच्याकडची अशीच असते, हीच चव. तुझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तू ते पुसलं नाहीस. तेव्हा मला तुझ्याबद्दल जे वाटलं ते मी आजवर कोणाबद्दल कबूल केलेलं नाही. सख्ख्या भावाबद्दल वाटावं तसं वाटलं.

परतताना नाल्यातून चालत असताना तू पहिल्यांदा माझ्याशी बोललास.

“इथी भोंगा नाई,” तू म्हणालास. “बरं आहे.”

आपण दोघंही हसलो, आणि मी समजलो की मला माफी मिळाली. आता वाटतं, ती माफी नव्हती. तू कंटाळला होतास.

मग गुडघ्यानं दगा दिला, तू खेळणं सोडलंस, नुसता कोच राहिलास. माझ्या मनाला केवढी मोठी सुटका वाटली! आता मॅचच्या आधी कोणी माझ्याकडे तसं पाहणार नव्हतं. रोज सकाळी मैदान, दुपारी कुसुमबाईची खानावळ. खाणीच्या गेटासमोरची ती टपरी, नवरा खाणीतल्या अपघातात गेल्यावर तिनं काढलेली. ती तुला ‘बाबू’ म्हणायची. तुझी भाकरी तव्यावरून थेट ताटात, बाकीच्यांची टोपलीतून. तुला ताप आला की अंबाडीची पातळ भाजी डब्यात घालून क्वार्टरवर पाठवायची. टीमची पोरं ‘कोच’ म्हणायची, लहान मुलं ‘वाघ’ म्हणून पळून जायची. तुझं नाव मला ठाऊक होतं, मंगरूला ठाऊक होतं, आणि पगारपत्रकात ते चुकीचं लिहिलेलं होतं.

आता त्या दिवसाचं. मलेरिया डोक्यात गेला. चंद्रपूरला नेलं, कॉलनीला वाटलं नेहमीचाच ताप; तीन दिवस तू काहीबाही बोलत होतास, ते तुझ्या भाषेत होतं. मला वाटलं होतं शेवटी तरी आपला वाद मिटेल, मी काही म्हणेन, तू काही म्हणशील. तू मला ओळखलंही नाहीस. पहाटे गेलास. मे महिना, वर ऊन पेटलेलं, त्याच दिवशी चार वाजता दफन करायचं ठरलं. मंगरू तुझ्याजवळ थांबला, तुला घेऊन तो थेट चर्चच्या दफनभूमीत येणार होता. मी पहिली एसटी पकडून कॉलनीत आलो. सेक्रेटरी नागपूरला गेलेले होते. मला कोणाची चिठ्ठी नको होती.

मी रिक्षावर भोंगे बांधले आणि प्रत्येक गल्लीत, प्रत्येक चौकात सांगितलं, “कळविण्यास अत्यंत दुःख होते की घाना देशाचे फुटबॉलपटू, लेफ्ट विंग, क्वाबेना मेन्सा यांचे आज पहाटे निधन झाले. दफनविधी दुपारी चार वाजता, चर्चच्या दफनभूमीत.” सहा वर्षांत पहिल्यांदा खरं बोललो, एक शब्द वाढवला नाही.

लोकांनी ऐकलं आणि दारं लावून घेतली, उन्हाची झळ येत होती. घाना कुठं आहे हे कोणाला ठाऊक नव्हतं, त्यांच्यासाठी तू नुसता आफ्रिकेचा होतास; कोणी तरी ख्रिस्ती साहेब गेला असेल, असं बोलताना मी ऐकलं. नळावर कुसुमबाई हंडा भरत होती. कोण वारलं, असं तिनं विचारलं. मी माइक खाली न घेता नाव पुन्हा उच्चारलं. तिनं ओल्या हातानंच नमस्कार केला, हंडा उचलला आणि गेली.

रिक्षावाला वळून मला म्हणाला, “भाऊ, वाघ म्हणा ना. सगळ्याईले कळंल.”

एका शब्दाचा प्रश्न होता. तो शब्द उच्चारला असता तर कॉलनी रिकामी झाली असती, खाणीची शिफ्ट थांबली असती. मी म्हणालो, नाही म्हणणार. मला त्या क्षणी स्वतःचा फार अभिमान वाटला. आज त्या अभिमानाचीच सर्वांत जास्त किळस येते.

सात माणसं होतो. पास्टर, मंगरू, शिफ्ट करून तसेच आलेले टीमचे दोन खेळाडू, रिक्षावाला, मी, आणि माझे बाबा, सत्तरीचे, काठी टेकत एवढं अंतर चालत आलेले. मंगरू सारखा रस्त्याकडे बघत होता. बाकीचे कुठी हायत, असं त्यानं दोनदा विचारलं. मी म्हणालो, सांगितलं आहे सगळ्यांना. बाबांनी तुझ्यावर माती टाकली आणि तुझं पूर्ण नाव घेतलं. मी त्यांना ते कधी सांगितलं होतं, मला आठवत नाही. तुझ्या बहिणीला तार केली आहे, उत्तर आलेलं नाही.

परवा शोकसभा संपल्यावर कुसुमबाई हॉलच्या पायरीशी माझी वाट बघत उभी होती. आठ दिवस तिनं मला खानावळीत चहासुद्धा दिला नव्हता. ती रडत नव्हती, भांडायला आली होती.

“माह्या समोरून गेला तू,” ती म्हणाली. “बाबू तिकडं एकटा पडला होता अन् मी पाणी भरून राह्यली होती. मले काऊन नाई सांगतलं?”

“सांगितलं होतं बाई. नाव सांगितलं.”

“नाव सांगतलं. माणूस कोण, ते सांगतलं नाई.”

मी तिला समजावायला लागलो. की त्याची इच्छा होती, की त्याला वाघ म्हटलेलं आवडत नव्हतं, की मी त्याला शब्द दिला होता. ती ऐकत होती. मग तिनं मला थांबवलं आणि विचारलं, काय होतं त्याचं नाव, पुन्हा सांग. मी सांगितलं. तिनं म्हणून पाहिलं, अडखळली. मी पुन्हा सांगितलं. ती पायरीवर बसली, पदर मांडीवर घेतला आणि स्वतःशीच हळूहळू म्हणाली, “क्वाबेना. क्वाबेना मेन्सा.” बरोबर म्हणाली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “एवढं तर सोपं होतं. मी रोज म्हटलं असतं.”

तिला हे शिकवायला मला दोन मिनिटं लागली, क्वाबेना.